पाच चित्रांची पट्टी

गाळाची टाकी वर्षातून एकदाच उघडायची. सूत रंगवून उरलेलं काळंनिळं पाणी कारखान्याच्या मागच्या अंगाला जमिनीखालच्या टाकीत जाई, तिथे त्याचा गाळ बसे, आणि वर्षाअखेरच्या बंदच्या दिवशी चार माणसं आत उतरून तो फावड्याने उपसत. काम घाणेरडं होतं, पण अवघड काही नव्हतं. अवघड होती ती आतली हवा. ती दिसायची नाही. पहिल्या श्वासाला सडक्या अंड्यासारखा वास, आणि तिसऱ्या श्वासाला वास गेलाच की काय असं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी टाकीने दोघांना ठेवून घेतलं. पहिला उतरला तो वर आला नाही, आणि त्याला काय झालं ते बघायला दुसरा उतरला.

त्या दोघांच्या नावापुढे मास्तरांची सही होती.

मास्तर म्हणजे कारखान्याचे शिकवणीवाले. मूळचे ते भांडारातले कारकून. तिथे पंचवीस वर्षं खिळे, पट्टे आणि रंगाचे डबे मोजले. मग कारखान्याला कामगारांचे वर्ग घेणं सक्तीचं झालं आणि मोजायला माणूस हवा होता, तेव्हा यांना उचलून वर्गात बसवलं. पद बदललं, सवय राहिली. रजिस्टरमध्ये दोन रकाने असत: शिकवले आणि समजले. शिकवले बारा, समजले बारा. एकतीस वर्षांच्या नोकरीत या माणसाच्या हातून बेरीज कधी चुकली नव्हती.

चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंनी विचारलं होतं, सूचना कुठे लावली होती? मास्तरांनी दाखवली. झाकणाच्या समोरच्याच भिंतीवर, हातभर उंचीची तांबडी अक्षरं. "छान," बाई म्हणाल्या, "आणि त्या दोघांना वाचता येत होतं का?" मास्तरांनी रजिस्टर चाळलं, पुढे चाळलं, मागे चाळलं. तो रकानाच नव्हता.

तेव्हापासून त्यांच्या पोटात एक खडा होता. जेवताना लागायचा, वळताना लागायचा. निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांनी ठरवलं की टाकीचं काम असं शिकवायचं की निरक्षर माणसालाही कळलं पाहिजे. त्यातून पट्टी निघाली. लांब कागदावर पाच चित्रं, एकाखाली एक, कारण वर्गातल्या दोन खिडक्यांच्या मधली भिंत अरुंद होती आणि आडवं काही मावत नव्हतं. सगळ्यात वर, झाकण उघडून पंखा लावणारा माणूस. त्याखाली, दोरीला बांधून हवा तपासायचं यंत्र आत सोडणारा. मग कमरेला दोर बांधणारा. मग दोराचं दुसरं टोक धरून बाहेर उभा असलेला जोडीदार. आणि सगळ्यात खाली, शिडीवरून आत उतरणारा. छापखानेवाला म्हणाला होता, "मास्तर, कोपऱ्यात एक ते पाच आकडे टाकू का?" मास्तरांनी त्याला उडवून लावलं. "आकडा म्हणजे अक्षरच की. एकही नको. नुसतं बघून कळलं पाहिजे."

मुख्य कचेरीला पट्टी इतकी आवडली की त्यांनी आणखी अकरा प्रती छापून बाकीच्या अकरा कारखान्यांना पाठवल्या. मास्तरांनी त्या अकरा गुंडाळ्या स्वतः बांधल्या, पत्ते स्वतः लिहिले, आणि यादीची एक नक्कल खिशात ठेवली.

यंदाच्या वर्गात नऊ जणी होत्या. पुरुष आता टाकीचं नाव काढलं की आजारी पडायचे. नऊही जणी नदीपलीकडच्या विणकर वस्तीतल्या. त्यांच्या आयाआज्यांनी गालिचे विणले होते, एक सोडून यांनीही लहानपणी विणले होते, आणि मग यंत्राचे गालिचे स्वस्त झाल्यावर माग अडगळीत गेले आणि या सूत रंगवायला आल्या. त्यांची बोली वेगळी. मास्तरांना तिच्यातले तीन शब्द येत: या, बसा, पुरे. वर्ग घ्यायला लागल्यापासून सहा वर्षं तेवढ्यावर भागलं, कारण वर्गात थोरली असायची.

थोरली वस्तीतली वडीलधारी, गुडघ्यांनी अधू, जिभेने धडधाकट. ती या नऊ जणींतली नव्हती; तिला दोन्ही बोली येत, म्हणून दुभाषी म्हणून बसायची. मास्तर पाच मिनिटं बोलत: वायू म्हणजे काय, तो जड का असतो, तळाशी का बसतो, पंखा अर्धा तास का फिरवायचा. मग ते थोरलीकडे बघत. थोरली वळून चार शब्द बोले. एक सोडून बाकी आठही जणी एका सुरात उत्तर देत. थोरली मास्तरांना सांगे, "कळलं म्हणतात."

"एवढ्यात?"

"आमची बोली आटोपशीर आहे, मास्तर."

मास्तर हसत आणि रकाना भरत. थोरलीच्या त्या चार शब्दांचा अर्थ होता, "चित्राकडे नीट लक्ष द्या." मास्तरांसारख्या माणसाचं बोलणं आपल्या तोंडाने पुन्हा सांगायचं म्हणजे त्यांचं नीट झालं नाही असं म्हणण्यासारखं. तेवढी अदब थोरलीला होती. आणि आठ जणींचं ते एका सुरातलं उत्तर म्हणजे मागावरची जुनी सवय. गालिचा विणताना एक जण ओळ सांगतो, इतके तांबडे, इतके काळे, आणि विणणारे गाठी मारून एका सुरात ओरडतात, म्हणजे सांगणाऱ्याने पुढे जावं. कळलं की नाही हा प्रश्नच तिथे नसतो. सांगणारा थांबला आहे, त्याला वाट द्यायची. आणि मधे कोणी विचारायचं तर मुळीच नाही. मधे विचारलं की ओळ मोडते, ओळ मोडली की विणलेलं उसवावं लागतं, आणि ज्याच्यामुळे उसवावं लागलं त्याला त्या दिवशी मागावरून उठवतात.

हे सगळं मास्तरांना ठाऊक नव्हतं. वर्गात कोणी प्रश्न विचारत नाही याचा त्यांना अभिमान होता. आपलं शिकवणं इतकं स्वच्छ आहे असं त्यांना वाटे.

विचारणारी एकच होती, ती नववी. थोरलीच्या दिराची मुलगी. आई लवकर गेली म्हणून हिला शहरात आत्याने वाढवलं, तिथे तीन वर्षं शाळेत घातलं, आणि मागावर ती एक दिवसही बसली नाही. मास्तरांची भाषा तिला अडखळत येई, पण येई. वायू जड का? पंखा अर्धाच तास का? यंत्र वाजलं नाही तर बिघडलेलं नाही कशावरून? मास्तरांनी तिचं नाव काबाई ठेवलं होतं आणि वर्गाला ते आवडलं होतं.

"काबाई, तुझ्या सासरचे कसे झोपतात गं?" एकदा मास्तरांनी विचारलं.

"सासर नाही मला."

"का?" मास्तर म्हणाले, आणि थोरलीने हे मात्र अक्षरन् अक्षर सांगितलं. वर्ग पोट धरून हसला. काबाईही हसली, पण तिचं लक्ष पट्टीकडे होतं. त्या दिवशी घरी जाताना तिने बाकीच्यांना काहीतरी विचारलं, आणि त्यांनी जे उत्तर दिलं ते ऐकून ती रस्त्यात उभीच राहिली. पण वस्तीत तिचा शब्द कोण ऐकतं? शाळेत जाऊन उलट शिकून आली आहे, असं थोरलीच्या सुनेने सगळ्यांसमोर सांगितलं.

बंदच्या आधी आठवडाभर परीक्षा झाली. चौकशीनंतर नियमच होता: मास्तरांनी पास केलेला माणूसच टाकीत उतरेल. मास्तरांनी पट्टीची चित्रं कापून पत्ते केले होते. प्रत्येकीला पाच पत्ते, पिसलेले. भिंतीवरची पट्टी उतरवून ठेवली होती. भिंतीवर होती तशी लावून दाखवायची, एकाखाली एक. वेळ पाच मिनिटं.

"सुरू करा," मास्तर म्हणाले आणि पाठमोरे होऊन रजिस्टरमध्ये नावं लिहायला बसले. वेळ का फुकट घालवावा?

तिसऱ्या मिनिटाला मागे कुजबुज झाली, मग बाक सरकल्याचा आवाज. मास्तर वळले. काबाई उभी राहून शेजारच्या बाकावर वाकली होती आणि थोरलीच्या सुनेचे पत्ते दोन्ही हातांनी विस्कटत होती. सून तिचं मनगट धरून ओढत होती.

"काय चाललंय?"

"मास्तर, या उलट लावतायत."

मास्तर चष्मा सावरत बाकांमधून फिरले. सात जणींसमोर सात रांगा, वरपासून खालपर्यंत बिनचूक. वर पंखा, खाली शिडी. सुनेचे तीन पत्ते विस्कटले होते, पण राहिलेले दोन जागच्या जागी होते. काबाईच्या स्वतःच्या बाकावर दोनच पत्ते लावलेले: वर पंखा, त्याखाली यंत्र. बाकीचे पालथे.

"उलट कुठे? सरळ तर आहे."

काबाईने रांगांकडे बघितलं. रांगा खरंच सरळ होत्या. तिने तोंड उघडलं, हात खालून वर नेला, पुन्हा खालून वर नेला. "लावताना," ती म्हणाली. "आता नाही. लावताना." पुढचा शब्द तिला मास्तरांच्या भाषेत सापडेना. ती थोरलीकडे वळून भराभर काही बोलली.

"काय म्हणते?" मास्तरांनी विचारलं.

थोरलीने पुतणीकडे रागाने बघितलं. भर परीक्षेत ओळ मोडली होती तिने. "काही नाही, मास्तर. पोर आहे. माफी मागते."

मास्तर मनातून खूश झाले नसतील असं म्हणवत नाही. नऊच्या नऊ पास दाखवले की वरच्यांच्या भुवया चढतात. एखादी नापास असली की रजिस्टर खरं वाटतं. त्यांनी काबाईच्या नावापुढे फुली मारली आणि कारण लिहिलं: दुसऱ्याच्या पत्त्यांत हात. बाकी आठ पास. वर्गासमोर वाचूनही दाखवलं; पास कोण, नापास कोण, तेवढं थोरलीने वर्गाला सांगितलं.

बाकांवर आठ जणी ऐकत होत्या. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. जिने पंख्यापासून सुरुवात केली ती नापास झाली. ज्यांनी शिडीपासून सुरुवात केली त्या आठही पास झाल्या. आता कोणाच्या मनात शंका म्हणून उरली नाही.

बंदचा दिवस उजाडला. त्या सकाळी मास्तरांना कारखान्यात काम नव्हतं. टाकी फोरमनची, माणसं पास झालेली, कागद सहीचे. उलट थोरलीचा निरोप होता की घरी येऊन जा, तुमच्या निवृत्तीची भेट मागावर आहे, रंग पसंत आहेत का बघा. मास्तर साडेआठला नदीवरचा पूल ओलांडून गेले. पुलावर त्यांनी सवयीने वळून कारखान्याकडे बघितलं. धुराडं थंड होतं. रोजची घरघर नसल्यामुळे पाण्याचा आवाज नको इतका स्पष्ट येत होता.

थोरलीच्या घरात एक खोली नुसती मागाची होती. उभा माग, छतापर्यंत गेलेला, त्यावर ताण्याचे पांढरे धागे पाऊस थांबून राहावा तसे ताणलेले. थोरलीने खुर्ची पुसून दिली, चहा दिला आणि मागावरचं फडकं बाजूला केलं.

"वर्गाने केलंय. पट्टीच विणतोय तुमची. घरी भिंतीला लावा."

तळाशी वीतभर विणून झालं होतं. शिडी होती, शिडीवर निळा माणूस होता, अगदी टोपीची कड सुद्धा होती. त्याच्या वर रिकामे धागे.

मास्तरांना गहिवरून आलं. ते लपवायला ते हसले. "शेवटापासून सुरू केलंत होय?"

थोरलीने त्यांच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. "शेवटापासून कोण विणतं, मास्तर? वर आकाशाला गाठी मारायच्या का? खालून वर जातात. हे पहिलं."

"हे पाचवं."

"हे पहिलं. माणूस आत उतरतो." तिचं बोट रिकाम्या धाग्यांवरून वर सरकू लागलं. "मग जोडीदार बाहेर उभा राहतो, त्याच्यावर लक्ष ठेवायला. काम झालं की दोर बांधायचा, दमलेल्याला वर ओढायला. मग ते यंत्र सोडायचं, साफ झालं की नाही बघायला. आणि सगळ्यात शेवटी पंखा, टाकी वाळवायला." बोट छताजवळ थांबलं. "किती नीट शिकवलंत तुम्ही. सगळ्यांना पाठ आहे."

मास्तरांनी कप खाली ठेवला. सात रांगा त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या, वरपासून खालपर्यंत बिनचूक, आणि काबाईचा खालून वर जाणारा हात.

"आज टाकीवर कोण आहे?"

"माझी सून आहे. आणखी तिघी. तुम्हीच पास केलेल्या. आणि आमची ती, बाहेर हातगाडीवर. नापासाला तेवढंच काम."

"झाकण किती वाजता उघडणार?"

"नऊला म्हणाल्या." थोरलीचं हसू हळूहळू मावळलं. "का, मास्तर?"

इतक्या वर्षांत तिने त्यांना पहिल्यांदाच हे विचारलं होतं, आणि उत्तर द्यायला ते थांबले नाहीत.

नऊला सात मिनिटं होती. पूल, मग गोदामांची लांब भिंत, मग मागचं फाटक. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस धावत नाही, धावल्यासारखं करतो. भिंतीपलीकडून काही ऐकू येतं का याकडे मास्तरांचे कान लागले होते. आवाज आला तर वाईट. आवाज नाही आला तर त्याहून वाईट, कारण त्या दोघांच्या वेळीही कसलाच आवाज आला नव्हता. रखवालदाराने फाटकातून सलाम केला, तो त्यांना दिसलाही नाही.

आणि आवाज आला. दोन आवाज. एक बायकांच्या भांडणाचा, दुसरा एकसुरी, घुमणारा. तो पंख्याचा होता हे कळायला त्यांना कोपऱ्यावर येऊन बघावंच लागलं.

झाकण उघडं होतं. पंख्याची कापडी नळी आत सोडलेली होती आणि फुगून थरथरत होती. शिडी बाहेर काढून जमिनीवर आडवी टाकलेली, आणि काबाई तिच्यावर बसली होती, हातगाडीचा दांडा हातात आडवा धरून. तिच्या गालावर नखांचे तीन ओरखडे. समोर थोरलीची सून, अंबाडा सुटलेला, पायात एकच चप्पल. दुसरी टाकीत पडली असावी. दोन पायऱ्या उतरली होती ती. काबाईने तिला केसांना धरून वर ओढलं होतं.

"बरं झालं आलात, मास्तर," फोरमन म्हणाला. तो कमरेवर हात ठेवून उभा होता आणि त्याच्या काखेत रजिस्टरची नक्कल होती. "ही तुमची नापास. शिडी ओढून घेतली, पंखा लावला, आणि आता जवळ येईल त्याला मारीन म्हणते. काय करायचं हिचं?"

"पंखा लावायलाच हवा होता. तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला कशाला ठाऊक असायला हवं? तुम्ही शिकवलंय, तुमची सही आहे. मी कागद बघितला आणि पुढे जा म्हटलं. आता तेवढंच सांगा, पास कोण आणि नापास कोण?"

चौघी जणी मास्तरांकडे बघत होत्या. शब्द कळत नव्हते, पण सांगणारा आला आहे आणि आता ओळ पुढे जाईल, एवढं त्यांना कळत होतं.

"ही पास आहे," मास्तर म्हणाले.

"आणि या?"

"नापास."

"चौघी?"

"आठही."

फोरमनने काखेतला कागद काढला, त्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. "मग ही सही कुणाची म्हणायची?"

मास्तरांनी पेटीतून हवा तपासायचं यंत्र काढलं, दोरीला बांधलं आणि पंख्याच्या नळीच्या कडेने आत सोडलं. एक हात दोरी गेली. दोन हात. तिसऱ्या हाताला यंत्र किंचाळलं, इतकं की छपरावरची कबुतरं उडाली. तेही पंखा दहा मिनिटं फिरल्यानंतर.

हे भाषांतर करून सांगायला थोरली लागली नाही. सुनेने आधी भोकाकडे बघितलं, मग आपल्या अनवाणी पायाकडे, आणि मग ती जागच्या जागी खाली बसली.

"अर्धा तास," काबाई म्हणाली. तिने मास्तरांकडे बघितलंही नाही. "मग पुन्हा यंत्र. मग मी उठीन."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

फोरमन आता जरा नरम झाला होता. त्याने खांद्याने भिंतीकडे खूण केली. वर्गातली पट्टी त्याने कालच आणून तांबड्या अक्षरांच्या शेजारी चिकटवली होती. "चित्रं चांगली आहेत हो. नदीच्या खालच्या अंगाच्या कारखान्यांतही आल्यात ना या? तिथेही सगळे विणकर वस्त्यांतलेच. बंद तर सगळीकडे आजच आहे."

मास्तरांचा हात खिशाकडे गेला. यादी होती. घडी पडून मऊ झालेली, त्यांच्याच अक्षरात, अकरा पत्ते आणि अकरा फोन.

फोन फोरमनच्या खोलीत होता, टाकीपासून दहा पावलांवर. मास्तर उभ्यानेच एकेक क्रमांक फिरवू लागले. पहिल्या कारखान्याने सांगितलं की गुंडाळी मिळाली, पण अजून उघडली नाही. दुसऱ्याने तेच सांगितलं आणि वर चार दिवसांत लावतो म्हणून गयावया केली. तिसरा, चौथा, पार सातव्यापर्यंत तेच. एरवी मास्तरांनी अशा माणसांची कचेरीकडे तक्रार केली असती. आज ते प्रत्येकाला म्हणत होते, "उघडू नका. तशीच ठेवा. देव तुमचं भलं करो." अकरापैकी सात कारखाने आळसाने वाचले. मास्तर यादीवर खुणा करत होते, आणि पेन्सिल कागदात घुसत होती.

आठव्याने पट्टी लावली होती, पण तिथली टाकी दुपारी उघडायची होती. नवव्याने फोनवरच कोणाला तरी हाक मारून काम थांबवलं. दहाव्याला तीनदा सांगावं लागलं. "पट्टी चुकली आहे का?" त्याने विचारलं. "पट्टी बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "मग?" "थांबवा," ते म्हणाले, "फक्त थांबवा."

तोवर अर्धा तास होऊन गेला होता. काबाईने पुन्हा यंत्र सोडलं होतं, ते गप्प राहिलं होतं, तरी तिने कोणालाच उतरू दिलं नव्हतं. ती हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या मागे थोरली पोचली, पूल चालून आल्यामुळे धापा टाकत, सुनेचा दंड घट्ट धरून.

अकरावा फोन बराच वेळ वाजला. मग कोणीतरी उचलला. रखवालदार असावा.

"साहेब कुठे आहेत?"

"टाकीवर. सकाळपासून तिकडेच आहेत सगळे."

"त्यांना सांगा, आत कोणी उतरू नका. आता, या क्षणी."

"थांबा हां," तो माणूस म्हणाला. "तिकडे काहीतरी गलका चाललाय. बघून येतो."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. पावलं दूर गेली. मग दार उघडलं गेलं असावं, कारण एकदम बाहेरचे आवाज आत आले. पुष्कळ माणसं, लांबवर, वस्तीच्या बोलीत एकाच वेळी बोलणारी. मास्तरांनी रिसीव्हर कानावर दाबून धरला. त्यांना एकेक शब्द ऐकू येत होता. एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, आधी एका बाईच्या आवाजात, मग पुष्कळांच्या. तो 'या' नव्हता, 'बसा' नव्हता आणि 'पुरे' नव्हता.

इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी रिसीव्हर थोरलीपुढे धरला. थोरलीने हात पुढे केला नाही. तिला बाहेरूनच काहीसं ऐकू आलं होतं, आणि तिने सुनेचा दंड अधिकच आवळला.

काबाईने पुढे होऊन रिसीव्हर घेतला आणि कानाला लावला. तिने डोळे मिटले. बाहेर पंखा अजून फिरत होता. भिंतीवरची पट्टी त्याच्या वाऱ्याने खालून सुटून फडफडत होती.

"काय म्हणतायत?" मास्तरांनी विचारलं.

ती ऐकत राहिली.

"काबाई, काय म्हणतायत ते?"

तिने मोकळा हात वर केला, मागावर सांगणारे करतात तसा, तळवा त्यांच्याकडे करून.

"मधे विचारू नका," ती म्हणाली.